जिम्नॅस्टिक्स शिकणाऱ्या मुलाचे पालक होताना

जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमध्ये पहिल्यांदा गेलेल्या पालकाची जरा पंचाईतच होते. चेंडूच्या खेळात निदान घराबाहेर चार चेंडू टाकून मुलाला सराव देता येतो; इथे 10 सेंटिमीटर रुंद, 5 मीटर लांब आणि सव्वा मीटर उंच अशा बीमवर, म्हणजे अरुंद तुळईवर, मूल उलटे होणार असते, आणि त्यात पालकाने हात घालण्यासारखे काही नसते. शिकवायला प्रशिक्षक असतात, चुका मोजायला पंच असतात आणि बरोबरीच्या मुलांचे डोळेही असतातच. माझी मुलगी सहाव्या वर्षी वर्गात जाऊ लागली आणि पुढची नऊ वर्षे मी गॅलरीत, गाडीत आणि दवाखान्याच्या बाकावर बसून काढली. त्या काळात हळूहळू उमगले ते असे, की या खेळात मुलाला जोखणारी माणसे भरपूर असतात. न जोखता सोबत राहणारे माणूस मात्र घरातच मिळावे लागते. पालकाने काय करावे आणि कशापासून लांब राहावे, हे बरेचसे यावरूनच ठरते. पुढचे टप्पे साधारण ज्या क्रमाने समोर येतात, त्याच क्रमाने मांडले आहेत.

आधी प्रकार, मग वर्ग

जिम्नॅस्टिक्स या एका नावाखाली बरेच प्रकार येतात आणि चौकशीला जाण्यापूर्वी त्यांतला फरक माहीत असलेला बरा. आर्टिस्टिक प्रकारात मुलींसाठी व्हॉल्ट (धावत येऊन टेबलासारख्या साधनावरून उडी), अनइव्हन बार्स (कमी-जास्त उंचीच्या दोन दांड्या), बीम आणि फ्लोअर (जमिनीवरची कसरत) ही चार साधने असतात. मुलांसाठी फ्लोअर, पॉमेल हॉर्स (मुठी असलेला ठोकळा), रिंग्ज (टांगलेल्या कड्या), व्हॉल्ट, पॅरलल बार्स (समांतर दांड्या) आणि हॉरिझॉन्टल बार (एकच आडवी दांडी) अशी सहा. रिदमिक प्रकारात हूप, चेंडू, क्लब्ज आणि रिबन हातात घेऊन संगीतावर सादरीकरण करायचे असते. तिथे लवचिकता, ताल आणि साधन फेकून झेलण्याचे कसब लागते. ट्रॅम्पोलिन हा आणखी वेगळा प्रकार असून 2000 पासून तो ऑलिंपिकमध्ये आहे. लहान मुलाला यातले काही ठरवता येत नाही आणि ते ठरवायची घाईही नसते. सुरुवातीला धावणे, लटकणे, लोळणे, उड्या मारणे आणि नीट उतरणे शिकवणारा साधा वर्ग पुरेसा असतो.

वयाबद्दल पालकांच्या मनात फार धास्ती असते. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये रोमानियाच्या नादिया कोमानेचीने पूर्ण 10 गुण मिळवले तेव्हा ती 14 वर्षांची होती, आणि त्या चित्राने पुढच्या कित्येक पिढ्यांच्या पालकांना घाई लावली. आजच्या नियमांनुसार ती त्या स्पर्धेत उतरूच शकली नसती, कारण महिलांच्या वरिष्ठ गटासाठी त्या वर्षात 16 पूर्ण व्हावी लागतात. दुसऱ्या टोकाला उझबेकिस्तानची ओक्साना चुसोविटिना आहे. तिने 1992 पासून सलग आठ ऑलिंपिक खेळली आणि टोकियोत व्हॉल्ट केला तेव्हा ती 46 वर्षांची होती. तेव्हा शेजारच्या मुलाने चौथ्या वर्षी सुरुवात केली म्हणून आपले मूल सातव्या वर्षी मागे पडले, असे मानायचे कारण नाही.

वर्ग निवडताना एक संपूर्ण तास बसून पाहण्याची परवानगी मागावी. परवानगी मिळाली नाही, तर तो वर्ग सोडून द्यावा. एवढी एक कसोटी मी आजही सर्वांत वर ठेवते. बसायला मिळाले, की भिंतीवरची पदके पाहण्याऐवजी जमिनीकडे पाहावे. साधनांखालच्या मॅट एकमेकींना चिकटून लावल्या आहेत की मध्ये पाय अडकेल अशा फटी आहेत, उंच साधनाखाली जाड मॅट आहे का, नवशिक्यांसाठी जमिनीलगतचा बीम आहे का, हे पाच मिनिटांत कळते. त्यानंतर रांगेकडे पाहावे. एका प्रशिक्षकामागे मुले फार असतील, तर तासातला बराच वेळ रांगेत उभे राहण्यात जातो, आणि कंटाळलेली मुले रांगेतच नको ते प्रयोग करतात. चांगला प्रशिक्षक वाट पाहणाऱ्या मुलांनाही काहीतरी काम देऊन ठेवतो.

सर्वांत जास्त लक्ष द्यायचे ते मूल घाबरते तेव्हा काय होते याकडे. मी पाहिलेल्या पहिल्या वर्गात एक मुलगी बीमवर थिजून उभी होती आणि प्रशिक्षक खालून मोठ्याने आकडे मोजत होते; तीनपर्यंत केले नाहीस तर सगळ्यांना वीस उठाबशा, असा हिशेब होता. दुसऱ्या वर्गात तशाच प्रसंगी प्रशिक्षकांनी काही न बोलता दोन मॅट आणून बीमच्या दोन्ही बाजूंना रचल्या, उंची अर्ध्यावर आणली आणि विचारले, “आता?” मुलगी चढली. आम्ही दुसऱ्या वर्गात नाव घातले. लवचिकतेचा सराव चालू असतानाही असेच निरखून पाहावे. ताण जाणवणे ठीक आहे, पण रडणाऱ्या मुलाच्या पाठीवर किंवा मांडीवर भार देऊन स्प्लिट (पाय विरुद्ध दिशांना ताणून जमिनीला टेकवणे) बसवले जात असेल, तर तिथली पदके कितीही चकाकत असोत, आपण उठून बाहेर पडावे.

सुरक्षिततेचे बोलणे, पहिल्याच आठवड्यात

जिम्नॅस्टिक्स शिकवताना प्रशिक्षकाला मुलाच्या अंगाला हात लावावाच लागतो. कंबरेला, पाठीला, मांडीला आधार दिल्याशिवाय उलटी उडी शिकवता येत नाही. म्हणूनच कोणता स्पर्श आधाराचा आणि कोणता नाही, हे मुलाला घरी स्पष्ट शब्दांत सांगावे लागते. आधाराचा हात सर्वांसमोर लागतो, कशासाठी लागतो ते सांगता येते आणि काम झाले की लगेच निघतो. “हे कुणाला सांगू नकोस” असे त्यात कधीच नसते. प्रशिक्षक आणि मूल बंद खोलीत एकटे असू नयेत, मुलाच्या फोनवर खासगी संदेश जाऊ नयेत, आणि मालिश किंवा फिजिओथेरपी पालकासमोर आणि काय चालले आहे ते समजावून सांगतच व्हावी. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाच्या डॉक्टरला 2018 मध्ये शिक्षा झाली तेव्हा दीडशेहून अधिक मुलींनी आणि महिलांनी न्यायालयात आपली व्यथा सांगितली, आणि त्यांच्यापैकी काहींच्या बाबतीत तर तो प्रकार पालक खोलीत असताना, उपचाराच्या नावाखाली झाला होता. त्यामुळे नुसते खोलीत हजर असणे पुरत नाही, विचारावे लागते. प्रश्न विचारल्याचा राग येणाऱ्या माणसाकडे मूल सोपवू नये.

पहिले काही महिने

साहित्याची घाई करू नये. अंगाला बसणारा साधा पोशाख, घट्ट बांधलेले केस, पाण्याची बाटली एवढे पुरते. सैल कपडा प्रशिक्षकाच्या हातात गुंडाळला जातो आणि कानातले किंवा बांगडी साधनात अडकते, म्हणून दागिने घरीच ठेवावेत. हातात घालायचे चामडी ग्रिप्स बरेच पुढचे काम आहे आणि ते प्रशिक्षकांनी सांगितल्याशिवाय घेऊ नयेत, कारण मापात नसलेला ग्रिप बारवर अडकू शकतो. भरपेट जेवण आणि वर्ग यांत साधारण दोन तासांचे अंतर असावे. वेळेवर पोहोचणे मात्र इथे शिष्टाचारापेक्षा अधिक आहे, कारण उशीर म्हणजे वॉर्मअप बुडणे, आणि वॉर्मअपशिवाय उड्या म्हणजे दुखापतीला आमंत्रण.

गॅलरीत बसलेल्या पालकाने हातवारे करू नयेत, हे लिहिताना माझे मलाच हसू येते. पहिले वर्षभर मी पाय सरळ कर, हनुवटी वर घे, असे सगळे बसल्या जागेवरून खुणांनी सांगत असे. एकदा मुलगी बीमवर वळण घेण्याआधी माझ्याकडे पाहू लागली आणि प्रशिक्षक शांतपणे म्हणाले, “बीमच्या टोकाकडे बघ, तिथे आई नाहीये.” त्यानंतर मी पुस्तक घेऊन जाऊ लागले. दररोज बसण्याची गरजही नसते. अधूनमधून, न सांगता डोकावणे अधिक उपयोगाचे.

घरी काय करावे हा पुढचा प्रश्न. बेडवरून किंवा सोफ्यावरून कोलांटउड्या मारू देऊ नयेत; मऊ गादीवर हात आणि पाय नीट टेकत नाहीत आणि मान दुमडण्याचा धोका वाढतो. व्हिडिओ पाहून नवे कौशल्य घरी शिकणे पूर्ण बंद असावे. पालकाने खांदे दाबून स्प्लिट बसवून देणे तर मुळीच नको. प्रशिक्षकांनी दाखवलेले, मूल एकटे सुरक्षितपणे करू शकेल असे मात्र बरेच असते : भिंतीला टेकून हातांवर उभे राहणे, पाठीवर झोपून हात-पाय जमिनीपासून थोडे उचलून शरीर ताठ धरणे, बारला लटकणे, एका पायावर तोल सांभाळणे. दहा मिनिटे पुरतात, आणि मुलाने नको म्हटले तर ती दहाही नकोत.

हात, टाच, मनगट, पाठ

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पालकाचा खरा उपयोग इथेच होतो. मूल प्रशिक्षकाला दुखणे सांगत नाही. गटातून बाहेर बसवतील अशी भीती असते. ते घरी, जिना उतरताना किंवा अंघोळीच्या वेळी दिसते.

सर्वांत आधी तळहात. बारवर घर्षणाने कातडीचा पापुद्रा निघतो, आणि पहिल्यांदा तो निघतो तेव्हा मूल अभिमानाने दाखवते. पाण्याखाली हात गेला की मग किंकाळी ऐकू येते. जखम साबण-पाण्याने धुवावी, सुटलेली कातडी स्वच्छ कात्रीने कापावी पण चिकटलेली ओढू नये, मलम लावून झाकावी आणि कातडी नवी येईपर्यंत बारचा सराव कमी करण्याविषयी प्रशिक्षकांशी बोलावे. हातांवर लावायच्या पांढऱ्या मॅग्नेशियमच्या पावडरीने कातडी कोरडी पडते, म्हणून सरावानंतर हात धुऊन रात्री क्रीम लावण्याची सवय असावी. जाड झालेले घट्टे अंघोळीनंतर हलकेच घासून सपाट ठेवले, तर कातडी फाटण्याचे प्रमाण बरेच कमी होते.

हाडांची गोष्ट अधिक गंभीर आहे. वाढत्या मुलाच्या हाडांच्या टोकांजवळ वाढीचा भाग असतो. तो कूर्चेचा असल्याने पक्क्या हाडापेक्षा नाजूक असतो. उड्यांचे धक्के आणि स्नायूंची ओढ त्यावर वारंवार बसली, की टाच दुखते, गुडघ्याखालचा उंचवटा दुखतो आणि सुजतो. जिम्नॅस्टिक्समध्ये मनगटही याच यादीत येते, कारण या खेळात मूल हातांवर चालते, हातांवर उतरते आणि हातांवरूनच उसळते. एरवी पायांनी सोसायचा भार मनगटाच्या वाढीच्या भागावर पडतो. ते दुखणे दुर्लक्षित राहिले, तर हाताच्या हाडाच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. कंबर मागे वाकवताना दुखत असेल आणि दुखणे आठवड्याभराच्या विश्रांतीनेही जात नसेल, तर मणक्याच्या मागच्या भागाला ताणाने तडा गेल्याची शक्यता तपासावी लागते. तो वेळेत कळला तर विश्रांती आणि व्यायामाने मूल बहुधा पुन्हा खेळू लागते.

आमच्या घरी एक साधा नियम होता. सरावानंतर अंग मोडून आल्यासारखे वाटणे आणि दोन दिवसांत जाणे, हे चालायचे. पण बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखणे, सूज, लंगडणे, रात्री झोपमोड करणारे दुखणे किंवा दोन आठवडे टिकलेले दुखणे, यांपैकी काहीही असले तर डॉक्टरांकडे जायचेच, स्पर्धा उद्या असली तरीही. डोक्याला मार लागला, तर त्या दिवशी सराव तिथेच थांबवावा. उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा गोंधळलेले बोलणे असेल तर थेट रुग्णालयात न्यावे. मानेवर पडून मान दुखत असेल, तर मुलाला उचलून बसवू नये.

एकदम उंची वाढते त्या काळात आलेली कौशल्येही बिघडतात. हात-पाय लांब झाले, गुरुत्वमध्य सरकला, पण मेंदूचा अंदाज जुनाच असतो. वर्षभर सहज येणारी उडी अचानक आखूड पडू लागते. हे आळस नव्हे, हे मुलाला सांगणारा कुणीतरी लागतो. सरावाचे तास वाढवायचेही हे दिवस नव्हेत. आठवड्यातले सरावाचे एकूण तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त असू नयेत, हा क्रीडावैद्यकातला ढोबळ ठोकताळा लक्षात ठेवण्यासारखा आहे. आठ वर्षांच्या मुलाला वीस तास सांगितले जात असतील तर कारण विचारावे. आठवड्यात किमान एक दिवस पूर्ण सुट्टी हवी. झोप 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास आणि 13 ते 18 च्या मुलांना 8 ते 10 तास लागते, आणि उशिरापर्यंतच्या सरावात तीच आधी कापली जाते.

वजनाबद्दल घरात बोलू नये. “हलकी असशील तर उडी उंच जाईल” हे वाक्य वर्गात ऐकू आले, तर त्याच दिवशी प्रशिक्षकांशी बोलावे. सरावात खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने अन्न कमी पडले की शरीर हाडांची वाढ, पाळी, रोगप्रतिकार आणि मन:स्थिती यांवरचा खर्च कापू लागते. वारंवार आजारपण, सतत थकवा, एकामागून एक हाडांच्या दुखापती ही त्याची लक्षणे असतात. मुलीला 15 व्या वर्षापर्यंत पाळी आली नाही किंवा सुरू झालेली पाळी तीन महिने थांबली, तर “खेळाडूंचे असेच असते” म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावे. ताट वाढताना मात्र यातले काहीच बोलू नये. पुरेसे वाढावे आणि गप्पा दुसऱ्याच कशाच्या तरी कराव्यात.

आलेले कौशल्य जाते तेव्हा

जवळजवळ प्रत्येक जिम्नॅस्टच्या वाट्याला हा टप्पा येतो. माझ्या मुलीची बीमवरची बॅक वॉकओव्हर, म्हणजे मागे कमान करून हात टेकवून पाय पलीकडे नेणे, एका मंगळवारी गेली. आदल्या आठवड्यात ती डोळे मिटून करत होती. त्या दिवशी हात वर गेले, पाठ वाकू लागली आणि थांबली. पडली नव्हती, दुखत नव्हते. तीन आठवडे ती बीमवर जाई, हात वर करी आणि खाली उतरे. गाडीत बसल्यावर पहिली दोन मिनिटे ती खिडकीबाहेर बघे, मग सॅकची चेन उघड-मीट करत राही.

मी त्या तीन आठवड्यांत बहुतेक सगळ्या चुका केल्या. बक्षीस कबूल केले, “इतके दिवस तर येत होती” म्हटले, एकदा जुना व्हिडिओही दाखवला. भीती हा शरीराने दिलेला इशारा असतो आणि बक्षिसाने तो इशारा बंद होत नाही, हे मला अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिने टोकियो ऑलिंपिकमध्ये सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली तेव्हा नीट समजले. हवेत असताना आपण कुठे आहोत याचे भानच सुटते, जिम्नॅस्ट त्याला ‘ट्विस्टीज’ म्हणतात, आणि त्या अवस्थेत जोर लावणे म्हणजे मान किंवा मणका पणाला लावणे. बाइल्स त्याच ऑलिंपिकमध्ये बीमवरून उतरताना फिरक्या टाळून कांस्यपदक घेऊन गेली आणि तीन वर्षांनी पॅरिसमध्ये सर्वांगीण, म्हणजे चारही साधनांच्या एकूण गुणांत, विजेती ठरली. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूला जी मुभा मिळाली, ती दहा वर्षांच्या मुलाला मिळायला काय हरकत आहे?

अशा वेळी प्रशिक्षक मागे जातात : जमिनीवरची रेघ, मग जमिनीलगतचा बीम, मग मॅट रचलेला उंच बीम, मग एकेक मॅट कमी. पालकाने त्या काळात कौशल्याचे नावच काढू नये. “आज झाली का?” हा प्रश्न मुलाला रोज परीक्षेला बसवतो. मी शेवटी विचारायचे थांबवले आणि आम्ही गाडीत तिच्या वर्गातल्या भांडणांवर बोलू लागलो. वॉकओव्हर कधी परत आली ते मला चार दिवसांनी कळले, तेही प्रशिक्षकांकडून.

स्पर्धेचा दिवस

गुणांकन समजून घेतल्यास पालकाचा निम्मा ताण उतरतो. परिपूर्ण 10 ची पद्धत आंतरराष्ट्रीय स्पर्धांत 2006 पासून राहिली नाही. आता काठिण्याचे गुण वेगळे आणि सादरीकरणाचे वेगळे मोजून त्यांची बेरीज होते. सादरीकरण 10 पासून सुरू होते आणि चुकीच्या आकारानुसार 0.1, 0.3 किंवा 0.5 वजा होतात, पडल्यास पूर्ण 1 गुण जातो. प्राथमिक पातळीवरच्या स्पर्धांचे नियम अनेक ठिकाणी वेगळे आणि सोपे असतात, ते प्रशिक्षकांना आधी विचारून घ्यावेत. एका स्पर्धेतले 12 आणि दुसऱ्या स्पर्धेतले 9 यांची तुलना त्यामुळे बहुधा निरर्थक असते. पंचांशी वाद घालणे हे पालकाचे काम नाही. शंका असेल तर प्रशिक्षक रीतसर विचारतात.

आदल्या रात्री सॅक मुलाकडून भरून घ्यावी, केसांच्या पिना आणि टेप जास्तीचे ठेवावेत, आणि खाण्यात नवे काहीही करून पाहू नये. सकाळी सूचना देऊ नयेत. स्पर्धेनंतर गाडीचे दार लागले, की पालकाला विश्लेषणाची जबर हुक्की येते, ती आवरावी. मुलाला सगळे माहीत असते, पाऊल कुठे सरकले ते तुमच्याआधी त्याला कळलेले असते. “भूक लागली का?” इतके विचारून थांबावे. बोलायचे असेल तर ते स्वतः बोलते, कधी पाच मिनिटांनी, कधी दोन दिवसांनी. दुसऱ्या मुलांचे गुण तोंडपाठ असणारा पालक मी पाहिला आहे, आणि त्याचा मुलगा घरी जाताना त्याच्याशेजारी न बसता मागच्या सीटवर बसत असे.

सोडायचे म्हटले तर

एखाद्या वाईट दिवशी “मला नाही यायचे” म्हणणे आणि महिनाभर तेच म्हणणे, यांत फरक करावा. पहिल्या वेळी लगेच हो किंवा नाही न म्हणता, चालू सत्र किंवा ठरलेली स्पर्धा होऊ द्यावी आणि मग पुन्हा विचारावे. मात्र मूल वर्गाच्या दिवशी पोट दुखते म्हणू लागले, झोप उडाली, एखाद्या विशिष्ट माणसाचे नाव निघताच गप्प झाले, तर सत्र संपण्याची वाट पाहू नये. तिथे कारण शोधणे हेच पहिले काम. आपण किती पैसे आणि किती संध्याकाळी यात घातल्या, हे या बोलण्यात एकदाही येऊ देऊ नये.

माझ्या मुलीने पंधराव्या वर्षी सोडले. आठवड्यातले बारा तास एकदम रिकामे झाले की शरीर आणि मन दोन्ही भांबावतात, म्हणून पहिले काही महिने पोहणे, नृत्य किंवा नुसते धावणे असे काहीतरी ठरलेल्या वेळी असू द्यावे, आणि हॉलमधल्या मैत्रिणींची गाठ पडत राहील याची सोय करावी. साहित्य लगेच देऊन टाकू नये. आमच्याकडे ग्रिप्सची जोडी अजून तिच्या कपाटाच्या खालच्या खणात आहे. ती कधी काढायची ते तिने ठरवायचे आहे.